तुटपुंज्या पैशांतले भविष्य: कमी खर्चाचे विज्ञान-मारधाडपट आणि सायबरपंक

(चर्चेचा धागा; प्रत्येक प्रतिसादाच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

उत्तररात्र

गेले काही महिने मी रात्री उशिरा, सलग, कमी खर्चात तयार झालेले विज्ञानपट पाहत आहे. त्यांतही ज्यांत मारधाड भरपूर आणि तत्त्वचिंतन तोंडी लावण्यापुरते असते असे, आणि ज्यांना सैलसर अर्थाने सायबरपंक म्हणता येईल असे चित्रपट मला अधिक ओढून घेतात. आरंभी हा निव्वळ विरंगुळा होता. पण एकाच महिन्यात तोच चित्रपट तिसऱ्यांदा लावल्यावर स्वतःलाच जाब विचारणे भाग पडले. अफाट पैसा ओतून घडवलेली, कुठेही सांधा न दिसणारी भविष्यातली शहरे घरबसल्या पाहायला मिळत असताना, ज्या यंत्रमानवाच्या कोपराजवळचे रंगवलेले रबर सुरकुतलेले स्पष्ट दिसते, त्याच्याकडे मी पुन्हापुन्हा का वळतो?

‘वाईट आहे म्हणूनच मजा येते’ हे यावरचे ठरलेले उत्तर आहे आणि ते मला पटत नाही. त्या उत्तरात प्रेक्षक स्वतःला चित्रपटापेक्षा शहाणा ठरवून मोकळा होतो. मी ज्यांच्याकडे परत जातो ते चित्रपट मला वाईट वाटत नाहीत. त्यांतल्या उणिवा दिसतात, पण त्या पाहून हसू येण्याऐवजी मी पडद्याच्या अधिक जवळ सरकतो.

माझ्यापुरते उत्तर मी असे शोधले आहे. ‘सायबरपंक’ हा शब्द ब्रूस बेथकी यांच्या १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कथेच्या शीर्षकातून आला, आणि पुढच्याच वर्षी विल्यम गिब्सन यांच्या ‘न्यूरोमॅन्सर’ने त्या शब्दामागचे जग वाचकांपुढे उभे केले. ते जग दरिद्री आहे, पण तिथे यंत्रांची वाण नाही. यंत्रे ढिगाने पडली आहेत. कोणीतरी वापरून टाकलेली, अर्धवट मोडलेली, मालकाचे नाव पुसट झालेली. पात्रे त्या टाकाऊ मालातून जोडजोड करून दिवस ढकलत असतात. आता ज्याच्या हाती पैसा नाही असा दिग्दर्शक काय करतो? तोही हेच करतो. कथेतल्या माणसाची निकड आणि कथा सांगणाऱ्याची निकड एकच असल्यामुळे पडद्यावरची तार खरोखरच कुठून तरी उचकटून आणलेली असते, आणि ते डोळ्यांना कळते.

रिचर्ड स्टॅन्ली यांचा १९९० चा ‘हार्डवेअर’ घ्या. वाळवंटात सापडलेले एका युद्धयंत्राचे डोके भंगाराच्या भावात विकले जाते, भंगारातून शिल्पे घडवणाऱ्या एका तरुणीच्या घरी पोहोचते, आणि रात्री तिच्याच घरातल्या तारा, हत्यारे व सुटे भाग वापरून स्वतःला पुन्हा उभे करते. चित्रपटाचा मोठा भाग त्या एका सदनिकेत घडतो. बाहेरचे उद्ध्वस्त जग आपल्याला बरेचसे ऐकूनच कळते, आणि रेडिओवरच्या त्या निवेदकाचा आवाज इग्गी पॉप या गायकाचा आहे. अख्खे शहर उभारण्याचा खर्च एका माणसाच्या घशावर भागवला आहे. घरात सापडेल ते घेऊन उभे राहिलेले यंत्र, आणि हाताशी सापडेल ते घेऊन उभा राहिलेला चित्रपट. यांतले कोण कोणाची नक्कल करते आहे हे मला अजून ठरवता आलेले नाही.

दुसरे उदाहरण जॉन कारपेंटर यांच्या १९८१ च्या ‘एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क’चे. तुरुंग बनलेल्या मॅनहॅटनवर नायक ग्लायडरमधून उतरत असताना त्याच्यासमोरच्या पडद्यावर शहराचा रेषांनी आखलेला संगणकीय आराखडा सरकत जातो. असे दृश्य खऱ्या संगणकावर तयार करून घेणे तेव्हा परवडणारे नव्हते. म्हणून शहराची प्रतिकृती काळी रंगवली, इमारतींच्या कडांवर प्रकाश परावर्तित करणारी पट्टी चिकटवली, आणि तिच्यावरून कॅमेरा फिरवला. संगणकाची नक्कल माणसाने हाताने केली! हे समजल्यावर त्या दृश्याची जादू ओसरेल अशी मला भीती होती. घडले उलटेच. कोणीतरी वाकून बसून त्या चिमुकल्या इमारतींच्या कडा एकेक करून गुंडाळल्या असतील, हे मनात आल्यापासून ते शहर मला अधिक वस्तीचे वाटू लागले आहे.

आपले अनुभव वाचायला आवडतील. फक्त हे चित्रपट ‘वाईट म्हणून गोड’ या खात्यावर मांडून मोकळे होऊ नये, एवढी विनंती.

तिसरी घंटा

मी बरीच वर्षे हौशी नाटकांची प्रकाशयोजना केली आहे, त्यामुळे कुठलाही चित्रपट पाहताना माझे लक्ष आधी दिव्यांकडे जाते. आमच्या कामातला पहिला धडा उजेड पाडण्याचा नसतो, अंधार राखण्याचा असतो. नेपथ्याची भिंत जिथे संपते त्याच्या हातभर अलीकडे उजेड संपला पाहिजे. मग उरलेला महाल प्रेक्षक स्वतः बांधतो आणि तो आपल्यापेक्षा चांगला बांधतो.

रात्र, पाऊस, धूर, ओला रस्ता आणि पाठीमागून येणारा निळसर झोत ही आज सायबरपंकची शैली मानली जाते, पण तिचे मूळ बऱ्याच अंशी लपवाछपवीत आहे. १९८२ चा ‘ब्लेड रनर’ स्वस्त नव्हता. तरीही त्यातले रस्ते म्हणजे स्टुडिओच्या आवारातले, आधी अनेक चित्रपटांत दिसून गेलेले ‘न्यूयॉर्क’चे कायमस्वरूपी रस्ते होते, आणि ते ओळखू येऊ नयेत म्हणून रात्रीचा, पावसाचा आणि धुराचा आधार घेतला गेला. म्हणजे या कुळातल्या श्रीमंत थोरल्या भावानेही गरिबाघरची युक्ती वापरली, आणि पुढे गरिबांनी ती हक्काने परत नेली.

१९८४ च्या ‘द टर्मिनेटर’चा खर्च सुमारे ६४ लाख डॉलर होता. त्यातली खरी काटकसर दिव्यांच्याही आधीची, कथेच्या पातळीवरची आहे. भविष्य उभारण्याऐवजी जेम्स कॅमेरॉन यांनी भविष्यातला मारेकरी वर्तमानात आणून सोडला. भावी युद्धाचे दर्शन तुकड्यातुकड्यांनी, मोजकी मिनिटेच घडते. बाकी सगळे लॉस एंजलिसचे रात्रीचे रस्ते, वाहनतळ, पोलीस ठाणे आणि शेवटी एक कारखाना. पण रणगाड्याच्या पट्ट्यांखाली कवट्या भरडल्या जाताना एकदा पाहिल्यावर, पुढे दिसणारे प्रत्येक साधे यंत्र संशयित होते. थोडे दाखवून पुष्कळ भागवणे याला म्हणतात.

या घराण्याचा मूळपुरुष मला फ्रेंच दिग्दर्शक गोदार यांच्या १९६५ च्या ‘आल्फाव्हिल’मध्ये दिसतो. दुसऱ्या ताऱ्याच्या प्रदेशातले हे शहर दाखवण्यासाठी एकही भविष्यकालीन वस्तू बांधलेली नाही. रात्रीचे खरे पॅरिस, तेव्हा नव्याने उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारती, लांबच लांब मार्गिका आणि हॉटेलांची एकसारखी दारे, एवढ्यावर राऊल कुतार यांच्या छायाचित्रणाने ते शहर उभे केले. नायक अंतराळ ओलांडून साध्या मोटारीने येतो आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. शहर चालवणाऱ्या संगणकाचा घरघरता आवाज ऐकताना अंगावर काटा येतो, कारण तो कुठल्याही ध्वनियंत्रावर बनवलेला नाही; स्वरयंत्र गमावलेल्या आणि कृत्रिम साधनाने बोलणाऱ्या एका माणसाचा तो आवाज आहे.

आणखी एक, विषयाच्या किंचित कडेचे. व्हिन्सेन्झो नताली यांच्या १९९७ च्या ‘क्यूब’मध्ये पात्रे एकामागून एक खोल्यांतून जीव मुठीत धरून फिरतात, आणि चित्रीकरणासाठी मुख्यतः १४ फुटांची एकच खोली बांधलेली होती. भिंतींतल्या रंगीत तावदानांचे रंग बदलले की खोली बदलली! खर्च होता साडेतीन लाख कॅनेडियन डॉलर. हा मारधाडपट नव्हे हे मला मान्य आहे, पण माझ्या धंद्यातल्या माणसाला त्याचा उल्लेख टाळणे जड जाते.

साशंक

दोन्ही प्रतिसाद वाचताना आनंद झाला, पण आपण दोघेही पिकातले भरलेले दाणे तेवढे ओंजळीत घेऊन दाखवत आहात. मी पाखडताना उडालेले कोंड्याचे ढीगही पाहिले आहेत. पहिली पाच मिनिटे काळ्या पडद्यावर घोगऱ्या आवाजातले निवेदन, ज्यात महायुद्ध, महामारी आणि महामंडळे यांचा निकाल लागतो, कारण ते दाखवायला पैसे नाहीत. मग एक बंद पडलेला कारखाना. मग दोन पात्रे अर्धा तास नळांच्या जंजाळातून चालत राहतात, कारण चालायला पैसे पडत नाहीत. गोळी कोणावरही झाडलेली असो, ठिणग्या लोखंडी कठड्यावरच उडतात. टंचाईतून कल्पकता जन्मते असे म्हणणे म्हणजे उपासमारीतून कवी जन्मतात असे म्हणण्यासारखे आहे. उपाशी माणसांपैकी बहुतेकांना फक्त भूक लागते.

दुसरे असे की स्मरणरंजनाच्या भरात एक गोष्ट सगळेच गाळतात. या चित्रपटांतले सर्वांत स्वस्त विशेष दृश्य म्हणजे स्त्रीचे उघडे शरीर, आणि त्याचा वापर अतिशय सढळ हाताने झालेला आहे. बंडखोर म्हणवणाऱ्या कितीतरी चित्रपटांत नायिकेला भविष्यातही दोनच कामे आहेत: किंचाळणे, आणि नायकाच्या जखमेवर पट्टी बांधणे. ‘हार्डवेअर’मधली शिल्पकार शेवटी स्वतः लढते हे खरे, पण तिच्यावर खिडकीतून पाळत ठेवणाऱ्या शेजाऱ्याचा प्रसंग ज्या चवीने चित्रित झाला आहे तो मला कधीच निर्दोष वाटलेला नाही.

आणि तिसरा प्रश्न धागाकर्त्यांना. त्या चिमुकल्या इमारतींच्या कडा गुंडाळत बसलेल्या माणसाची कल्पना करून आपले मन भरून आले. त्याला त्या कामाचे पुरेसे पैसे मिळाले का, हेही कधी मनात येते का? कमी खर्च म्हणजे बहुधा कोणाचे तरी कमी वेतन.

फीतवेडा

साशंक यांनी वर्णन केलेला अर्धा तास चालण्याचा प्रकार मलाही तोंडपाठ आहे. मात्र तो दिग्दर्शकाच्या आळसापेक्षा बाजाराच्या गणितातून आलेला आहे, म्हणून ते गणित थोडे मांडतो.

१९८० च्या दशकात व्हिडिओ कॅसेटचा धंदा फोफावला आणि दुकानांच्या फळ्या भरायला माल कमी पडू लागला. निरनिराळ्या देशांतले वितरक चित्रपट तयार होण्यापूर्वीच त्याचे हक्क विकत घेत, आणि त्या करारांच्या बळावर चित्रीकरणाचा पैसा उभा राही. वितरकाला दाखवायला पटकथा लागत नसे, भित्तिचित्र लागे. त्यामुळे आधी चित्र, मग शीर्षक, आणि सर्वांत शेवटी गोष्ट, असा उलटा प्रवास अनेकदा घडला. करारात लांबी साधारण दीड तासाची ठरलेली असे. गोष्ट सत्तर मिनिटांत संपली तर उरलेली वीस मिनिटे कोणालातरी चालावेच लागे.

याच कारखानदारीतून निघालेला माझा लाडका नमुना म्हणजे आल्बर्ट प्युन यांचा १९८९ चा ‘सायबॉर्ग’. मेनाहेम गोलन आणि योराम ग्लोबस यांच्या कॅनन कंपनीने दोन मोठ्या चित्रपटांची तयारी चालवली होती, एक स्पायडरमॅनचा आणि दुसरा ‘मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स’चा पुढचा भाग. दोन्ही रद्द झाले, पण नेपथ्य आणि पोशाखांवर पैसा खर्च होऊन गेलेला होता. ते सामान वाया जाऊ नये म्हणून प्युन यांनी त्यात बसेल अशी गोष्ट रचली, तरुण जाँ-क्लोद व्हॅन डॅमला घेतले, आणि महामारीनंतरच्या जगाचा चित्रपट उभा केला. पात्रांची नावे गिटार आणि वाद्ये बनवणाऱ्या कंपन्यांवरून ठेवली. नायक गिब्सन रिकनबॅकर, खलनायक फेंडर ट्रेमोलो. जे जग संपल्यावर उरलेल्या वस्तूंवर जगते, त्याची कथा न झालेल्या चित्रपटांच्या उरलेल्या वस्तूंतून सांगितली जाते, हा योग कोणी ठरवून जुळवला नसता. चित्रपट उत्तम आहे असा माझा दावा नाही. त्यातली मुसळधार पावसातली मारामारी मात्र मी कुणालाही दाखवायला तयार आहे.

या सगळ्यांचे गुरुकुल म्हणजे निर्माते रॉजर कॉर्मन यांनी १९७० मध्ये स्थापन केलेली न्यू वर्ल्ड पिक्चर्स. तिथे काहीच वाया जात नसे. १९८० च्या ‘बॅटल बियाँड द स्टार्स’साठी चित्रित केलेली अंतराळयुद्धे आणि जेम्स हॉर्नर यांचे संगीत १९८३ च्या ‘स्पेस रेडर्स’मध्ये पुन्हा वापरले गेले, म्हणजे एकच यान दोन चित्रपटांत उडाले आणि दोन्हींत कोसळले. कॅमेरॉन तिथेच प्रतिकृती आणि नेपथ्याची कामे करत शिकले. टर्मिनेटरच्या चौकटींमधला काटेकोरपणा मला त्या शाळेतला वाटतो: एकही वस्तू अशी नाही की जी दिसते आणि उपयोगी पडत नाही.

वेतनाचा मुद्दा मी नाकारत नाही. त्यावर उत्तर म्हणून नव्हे, तर जोड म्हणून सांगतो: दिग्दर्शक जॉर्ज मिलर हे डॉक्टर होते, आणि त्यांच्या १९७९ च्या ‘मॅड मॅक्स’मध्ये चेचली जाणारी एक व्हॅन त्यांची स्वतःची होती. पोलीस झालेल्या नटांत खऱ्या चामड्याचा पोशाख एकट्या मेल गिब्सनला मिळाला. बाकीच्यांना व्हिनाइलवर भागवावे लागले. पडद्यावर मॅक्स वेगळा का दिसतो याची चर्चा करताना समीक्षक एकाकीपणा वगैरे बोलतात. थोडे श्रेय कातड्यालाही द्यावे.

कोपऱ्यातली खुर्ची

नेपथ्य आणि दिवे यांवर पुष्कळ झाले, पण शीर्षकातल्या ‘मारधाड’ या शब्दाकडे कोणी वळले नाही. मला या चित्रपटांत ओढणारी गोष्ट म्हणजे माणसाचे शरीर. संगणकावर शंभर माणसे फेकायला पैसे नसले की दोन माणसांना खरोखर एकमेकांवर आदळावे लागते, आणि मग वजन दिसते, धाप दिसते, चुकलेला ठोसा दिसतो. सायबरपंकचा मुख्य प्रश्न हे शरीर नेमके कोणाच्या मालकीचे, असा असेल, तर त्याची चर्चा संवादांपेक्षा मारामारीत अधिक नीट होते.

ली व्हॅनेल यांचा २०१८ चा ‘अपग्रेड’ हे याचे माझे आवडते उदाहरण. मेलबर्नमध्ये, आजच्या मानाने अगदीच थोड्या पैशांत तो चित्रित झाला. अपंग झालेल्या नायकाच्या मणक्यात एक चिप बसवली जाते, आणि लढताना शरीराचा ताबा ती घेते. हातपाय यंत्राच्या अचूकतेने समोरच्याला तुडवत असतात, आणि वरचा चेहरा मात्र स्वतःच्याच हातांकडे भेदरून पाहत असतो. हा सगळा परिणाम लोगन मार्शल-ग्रीन या नटाच्या मानेने आणि डोळ्यांनी साधला आहे. भर म्हणून केलेली तांत्रिक युक्तीही साधीच: नटाच्या अंगावर एक फोन बांधला आणि कॅमेऱ्याची हालचाल त्या फोनच्या हालचालीशी जोडून दिली, त्यामुळे तो पडला की चौकटही त्याच्याबरोबर कलते आणि तो उठला की सरळ होते. जग नायकाभोवती फिरते आहे असे वाटते, आणि नायक मात्र आतल्या आत गोठलेला. प्रचंड खर्चाच्या कितीतरी चित्रपटांना हा एवढा विचार दोन तासांत मांडता आलेला नाही.

गंजलेला खिळा

जपानी दिग्दर्शक त्सुकामोतो यांचे नाव अजून निघाले नाही याचे आश्चर्य वाटते. शिन्या त्सुकामोतो यांचा १९८९ चा ‘तेत्सुओ: द आयर्न मॅन’ सोळा मिलिमीटरच्या कृष्णधवल फितीवर चित्रित झाला असून त्याची लांबी ६७ मिनिटे आहे. एका सामान्य नोकरदाराच्या गालावर धातूचा काटा उगवतो आणि हळूहळू त्याचा अख्खा देह भंगार होत जातो. लेखन, दिग्दर्शन, संकलन आणि एक प्रमुख भूमिका त्सुकामोतो यांची. अभिनेत्री केई फुजिवारा हिने कॅमेराही सांभाळला. अंगावरचा धातू म्हणजे टाकून दिलेल्या उपकरणांचे तुकडे, आणि रस्त्यावरून सुसाट जाणारी माणसे म्हणजे एकेक चौकट थांबून घेतलेले चित्रण. एका सेकंदाच्या धावण्यासाठी नटाने किती वेळा पाऊल उचलून, थांबून, पुन्हा उचलले असेल याचा हिशेब करून पाहा.

फीतवेडा यांच्या गणितात हा चित्रपट बसत नाही, कारण इथे कुठल्याही वितरकाने दीड तास मागितलेला नव्हता. चालण्याचे एकही मिनिट त्यात नाही. चु इशिकावा यांचे संगीत धातूवर धातू आपटल्यासारखे वाजत राहते, आणि ते ऐकताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली: धातूचे वजन डोळ्यांना पटवायला पैसा लागतो, कानांना पटवायला लागत नाही. रबरी हात पडला आणि आवाज लोखंडाचा आला, तर मेंदू आवाजावर विश्वास ठेवतो. टर्मिनेटरच्या ब्रॅड फीडेल यांच्या संगीतातले ते घणाचे ठोके आठवून पाहा. या चित्रपटांच्या चर्चेत आपण कान फार कमी वापरतो असे माझे मत आहे.

(पहिल्यांदा पाहणाऱ्यांनी जेवणानंतर लगेच पाहू नये.)

साशंक

‘तेत्सुओ’समोर मी निरुत्तर आहे, तो मी पाहिला आहे आणि विसरू शकलेलो नाही. ‘अपग्रेड’बद्दलही वाद नाही. म्हणून माझा आक्षेप जरा नेमका करून मांडतो.

मला खटकते ती टंचाईची नक्कल. २०१५ चा ‘कुंग फ्युरी’ हा अर्ध्या तासाचा स्वीडिश लघुपट लोकवर्गणीतून जमलेल्या सुमारे ६ लाख ३० हजार डॉलरांत झाला आणि १९८० च्या दशकातल्या कॅसेटवरच्या मारधाडपटांची त्यात थट्टामस्करी आहे. फितीवरचे ओरखडे, थरथरणारी चौकट, उडालेले रंग, सगळे मुद्दाम घातलेले. पाहताना मी हसलो, पण दुसऱ्यांदा पाहण्याची इच्छा झाली नाही. ज्या दिग्दर्शकांची तो नक्कल करतो त्यांना ते ओरखडे नको होते. त्यांना त्यांच्या कुवतीतला सर्वांत देखणा चित्रपट करायचा होता आणि तो तिथवर पोहोचला नाही. पोहोचण्याची ती धडपड वजा केली की उरते ते निव्वळ धुळीचे सोंग. गंमत अशी की याच लघुपटाच्या निर्मितीतली खरी टंचाई मला फार आवडते: पोलिसांचा गणवेश एकच परवडला, म्हणून ठाण्यातले पोलीस एकेक करून वेगवेगळे चित्रित केले आणि नंतर एका चौकटीत जोडले. ही युक्ती कॉर्मन यांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसली असती. चित्रपटाने मात्र ती लपवली आणि खोटे ओरखडे मिरवले.

तेव्हा माझे म्हणणे आता एवढेच राहते की स्वस्तपणा हा गुण नाही. आवाक्याबाहेरच्या वस्तूकडे प्रामाणिकपणे हात लांबवणे हा गुण आहे, आणि तो हात कधीकधी तोंडघशीही पाडतो.

कोपऱ्यातली खुर्ची

तोंडघशी न पडता लांबवलेल्या हाताचे एक छोटे उदाहरण: चार्ल्स बँड यांच्या ‘ट्रान्सर्स’मधले घड्याळ. बावीसशे सत्तेचाळीस सालातला पोलीस औषध टोचून घेऊन आपल्या पूर्वजाच्या शरीरात, १९८५ च्या लॉस एंजलिसमध्ये उतरतो, म्हणजे कालयंत्राचाही खर्च वाचला. त्याच्या मनगटावरच्या घड्याळाची कळ दाबली की एक सेकंद दहा सेकंदांएवढा ताणला जातो. पडद्यावर ते दाखवायला बाकीच्यांनी हळू हलणे पुरते. एवढ्या भांडवलावर त्यांनी पुढचे अनेक भाग काढले.

तिसरी घंटा

साशंक यांनी वेतनाचा प्रश्न काढला होता, त्याकडे पुन्हा वळतो, कारण त्या प्रश्नावरच उभे असलेले दोन चित्रपट मला आठवले.

अ‍ॅलेक्स रिव्हेरा यांच्या २००८ च्या ‘स्लीप डीलर’मध्ये मेक्सिकोतले मजूर सीमा ओलांडत नाहीत. तिहुआनातल्या कारखान्यांत अंगाला तारा जोडून घेऊन ते सीमेपलीकडच्या यंत्रांना दुरून चालवतात. श्रम पलीकडे पोहोचतात, माणूस अलीकडेच थांबतो. त्यातली संगणकीय दृश्ये आज विरलेली दिसतात हे खरे आहे. पण झोपेने डोळे मिटत असताना हवेत हात हलवत उभ्या असलेल्या त्या रांगेसाठी खर्च किती आला असेल? थोडा निळा उजेड, लोंबणाऱ्या तारा आणि थकलेली माणसे. मी त्या दृश्याचा प्रकाश कागदावर काढून पाहिला आहे. चार-पाच दिव्यांत होण्यासारखा आहे.

दुसरा सॉल विल्यम्स आणि अनिसिया उझेमन यांचा २०२१ चा ‘नेपच्यून फ्रॉस्ट’. चित्रीकरण रवांडात झाले, कथा बुरुंडीतल्या डोंगरांत घडते, आणि तिच्यात कोल्टनच्या खाणीतून पळालेला मजूर हॅकरांच्या वस्तीवर येऊन पोहोचतो. कोल्टन हे ते खनिज, ज्यातला टँटलम आपल्या फोनच्या आणि संगणकांच्या कपॅसिटरमध्ये असतो. त्या वस्तीतल्या लोकांच्या अंगावर किबोर्डच्या कळा, तारा आणि मंडलपट्ट्या (सर्किट बोर्ड) शिवलेल्या आहेत. इथे भंगार शोभेला आणलेले नाही. ज्या जमिनीतून हा माल निघाला, तिथेच तो माणसांच्या अंगावर परतलेला आहे. गाणी भरपूर आहेत, मारधाड जवळजवळ नाही, तेव्हा धाग्याच्या शीर्षकाला तो अर्धाच लागू पडतो.

फीतवेडा

‘स्लीप डीलर’ यादीत घेतला. ‘सायबॉर्ग’वर अजून कोणी बोलले नाही, याची नोंद असावी.

उत्तररात्र

‘सायबॉर्ग’ काल रात्री पाहिला. पावसातल्या मारामारीबद्दल आपण म्हणता ते खरे आहे. इतर ऐंशी मिनिटांबद्दल मी सभ्यपणे गप्प राहतो.

साशंक यांच्या प्रश्नाचे उत्तर मला द्यायचे होते. नाही, त्या माणसाला पुरेसे पैसे मिळाले की नाही हे माझ्या मनात आले नव्हते, आणि यायला हवे होते. आता ते दृश्य पाहताना तेही मनात येईल, आणि बहुधा चित्रपट त्याने उणा होणार नाही, कारण कारपेंटर यांचे मॅनहॅटन हे मुळात ज्यांचा हिशेब कोणी ठेवत नाही अशांचेच शहर आहे. टंचाईची नक्कल आणि खरी टंचाई यांत आपण केलेला भेदही मी स्वीकारतो. माझ्या पहिल्या मांडणीत तो राहून गेला होता.

आपण सर्वांनी एवढे हिशेब मांडले, तर एक हिशेब माझ्याकडूनही. जॉर्ज लुकास यांचा १९७१ चा ‘टीएचएक्स ११३८’ मी या आठवड्यात पुन्हा पाहिला. भूमिगत समाजाच्या मार्गिका म्हणून त्यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या, तेव्हा बांधकाम चालू असलेल्या रेल्वेचे बोगदे वापरले. रूळ पडण्यापूर्वीचे ते रिकामे, लांब बोगदे म्हणजे फुकटात मिळालेले भविष्यच होते. शेवटी नायक पळतो आणि चकचकीत चेहऱ्यांचे यंत्रपोलीस त्याच्या मागे लागतात. पाठलाग चालू असताना नियंत्रणकक्षातले आवाज मधूनमधून आकडे सांगत राहतात: या मोहिमेला किती रक्कम मंजूर आहे आणि त्यातली किती खर्ची पडली. नायक उभ्या भुयारातल्या शिडीवर चढू लागतो, पोलीस हातभर अंतरावर येतो, आणि तेवढ्यात खर्च मंजूर रकमेच्या सहा टक्के वर गेल्याचे जाहीर होते. मोहीम रद्द. पोलीस निमूटपणे खाली उतरतो. नायक झाकण उचलून बाहेर येतो, आणि समोर संबंध पडदाभर सूर्य मावळत असतो.